लांब जाणारी बॅटरी

आमच्याकडे बॅटरी घ्यायची म्हणजे गिऱ्हाईक आधी दुकानातून बाहेर येतं. बॅटरी म्हणजे टॉर्च, टॉर्चला आमच्या भागात बॅटरीच म्हणतात. रस्त्याच्या मधोमध उभं राहायचं, गावच्या पाण्याच्या टाकीकडे तोंड करायचं आणि बटण दाबायचं. झोत टाकीवर पडला तर बॅटरी चांगली. टाकीच्या मागच्या टेकडावर पडला तर फारच चांगली. तेवढ्यात आणखी दोघं-तिघं जमतात आणि त्यातला एक जण हमखास "थांब, मले पाहू दे" म्हणून ती हातातून ओढून घेतो आणि पुन्हा टाकीवरच मारतो. भर उन्हात डोळे बारीक करून "दिसला, दिसला" म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना काय दिसलं ते देव जाणे.

मला कोणी सांगेल का, त्या टाकीवर कोणाचं काय काम असतं? शेतकरी माणूस अंधारात चालतो तो बांधावरून. त्याचा पाय पडतो तो गवतात. साप असतो तो पायाशी. टाकीवर चढून बसलेला साप काही मी ऐकला नाही. पण बॅटरी घेताना एक माणूस ती खाली धरून, आपल्या पायावर उजेड पाडून पाहील तर शपथ. चार्जिंग किती टिकतं, पावसात पाणी आत जातं का, ओल्या हातानं बटण दाबलं जातं का, हे कोणी विचारत नाही. एकच प्रश्न असतो, किती लांब जाते.

माझं माहेर देऊळगाव राजाकडचं आणि सासर उंद्रीजवळच्या एका गावातलं. एकाच जिल्ह्यातली दोन गावं, पण मी "मला" म्हणाले की इथल्या बाया अजून हसतात, त्यांचं सगळं "मले" आणि "तुले" चालतं. हसू द्या. बॅटरी कशी असावी एवढं मात्र मला त्यांच्या सगळ्यांच्या नवऱ्यांपेक्षा जास्त कळतं, कारण बॅटरी घेऊन गेलेला माणूस परत येईपर्यंत जागं कोण राहतं? मीच ना.

आमचे मालक, म्हणजे माझे मिस्टर, आधी फक्त पऱ्हाटी करायचे. पऱ्हाटी म्हणजे कपाशी. बीटी बियाणं आलं तेव्हा पहिली काही वर्षं गावात वेगळाच वारा होता. कापूस घरात मावेना, लोकांनी घरावर स्लॅब टाकले, दारापुढे मोटरसायकली आल्या. आता फवारणी नाही, अळी नाही, असं जो तो सांगत होता. मग हळूहळू फवारणी परत आली, आणि एका साली गुलाबी अळी अशी आली की बोंड बाहेरून हिरवंगार आणि फोडलं की आत घाण. लोकांनी उभ्या पऱ्हाटीत ढोरं सोडली. त्या साली नाल्यापलीकडच्या शेतातला एक माणूस गेला. कसा गेला ते सगळ्या गावाला माहीत आहे आणि सगळं गाव "गेला" एवढंच म्हणतं. त्याचा मोठा भाऊ मालकांचा शाळेपासूनचा दोस्त. मी त्यांना भाऊजी म्हणते. आता ते शेत ते एकटेच पाहतात.

त्यानंतर मालकांनी अर्ध्या वावरात गहू-हरभरा घ्यायला सुरुवात केली. गव्हाला पाणी लागतं, पाण्याला मोटर लागते आणि मोटरला लाईन लागते. शेतीची लाईन काही दिवस दिवसा असते आणि काही दिवस अंधार पडल्यावर येते. माणसानं कधी झोपायचं आणि कधी पाण्याचा दांड फोडायचा हे लाईन ठरवते. म्हणून हिवाळाभर मालकांचं जाणं अंधारातच. लाईन दिवसा असली तरी संध्याकाळी एक चक्कर असतेच. आणि माझ्या मनात सारखी एकच भीती, की एखाद्या दिवशी हा माणूस परत येणार नाही. विहिरीजवळच्या गवतात मला एकदा सापाची कात सापडली होती, चांगली लांबलचक. ती मी घरी आणून मालकांना दाखवली. ते म्हणाले, "कात हाय, साप थोडीच हाय." अशा माणसाशी काय बोलायचं?

आमच्या घरात किती बॅटऱ्या आल्या आणि गेल्या याची गणतीच नाही. आधी जाड सेलवाली, पिवळ्या उजेडाची. ती बिचारी बरी होती. मग एलईडीच्या आल्या. एक होती तिच्या बुडातूनच प्लग बाहेर यायचा, तो भिंतीत खुपसून चार्ज करायची. प्लगची एक काडी लवकरच मोडली आणि बॅटरी कायमची दगड झाली. एकीला बाजूनं ट्यूब होती आणि आत रेडिओ होता. उजेड कमी आणि भाषण जास्त. एक इतकी मोठी होती की तिला खांद्यावर अडकवायला पट्टा होता. तिचा झोत नाल्यापलीकडे जायचा, पण पायाखाली बघावं तर अंधारच. झोत बारीक, पांढराफटक, दोरीसारखा सरळ. समोर अर्ध्या कोसावरचं झाड दिसायचं आणि अंगठ्यापुढचा खड्डा दिसायचा नाही. त्या बॅटरीसह मालक दांडात पडले आणि गुडघा फोडून घरी आले. मी हळद लावता लावता म्हणाले की आता तरी पायाशी उजेड पाडणारी घ्या. ते म्हणाले, बॅटरी चांगली आहे, दांड चुकीच्या जागी होता. दांड त्यांनीच काढलेला.

लांबची बॅटरी का लागते, असं मी कितीदा विचारलं असेल. दर वेळी उत्तर एकच, रोही येतात. रोही म्हणजे नीलगाय. दुरूनच त्यांच्या डोळ्यांवर झोत मारला की पळतात, असं मालकांचं म्हणणं. मी दोन-तीनदा त्यांच्याबरोबर गेले होते. झोत मारला की रोही मान वर करायचे, आमच्याकडे टकमका बघायचे आणि परत गहू खायला लागायचे. जणू आम्ही त्यांना जेवायला उजेड धरला होता.

शेवटी मीच उठले. उंद्रीच्या बाजारात एक मुसलमान चाचा बसतात, बॅटऱ्या विकतात आणि बिघडलेल्या डाग देऊन दुरुस्तही करतात. त्यांना मी सरळ सांगितलं की मला लांबची नको. पसरट उजेडाची पाहिजे, दोन्ही हात मोकळे राहिले पाहिजेत, पाण्यानं खराब व्हायला नको आणि मोबाईलच्या चार्जरवर चार्ज झाली पाहिजे. चाचांनी खोक्याच्या तळातून डोक्याला बांधायची एक बॅटरी काढली. छोटी, रबरी पट्ट्याची. मी ती तिथंच कपाळावर बांधली आणि खाली वाकून बघितलं. माझी पावलं, चपलेचा तुटका अंगठा, जमिनीवर सांडलेली ज्वारी, सगळं लख्ख. मी खूश. चाचा मात्र खूश नव्हते. ते म्हणाले, "बाई, घेऊन जा, पण तुमचे मालक परत आणतीन. ही टाकीपर्यंत जात नाई." मी त्यांना म्हटलं की टाकीपर्यंत मी चालत जाईन, बॅटरीनं जायची गरज नाही.

मालकांनी ती डोक्याला बांधून एकदा आरशात पाहिली. एकदा शेतात नेली, तीही मोठीच्या जोडीला. नंतर ती खुंटीवर. मी काढून हातात द्यायची, ते हो म्हणायचे आणि जाताना पुन्हा ती मोठीच उचलायचे. मी रागावून विचारलं की नेमकं वाईट काय आहे हिच्यात? ते म्हणाले, "वाईट काई नाई. जवळची हाय." जवळची आहे म्हणूनच तर आणली होती मी! त्या दिवशी मी इतकी चिडले की भाजीत मीठच टाकलं नाही. त्यांनी तशीच खाल्ली, तीही न बोलता. न बोलणाऱ्या माणसाशी भांडण करणं म्हणजे डोकं आपटून घेण्यातला प्रकार आहे.

मग तो दिवस आला. मालकांची बहीण रेल्वेनं नांदुऱ्याला उतरणार होती आणि तिला आणायला ते गेले होते. गाडी उशिरा आली, शेवटची बस चुकली. त्यांचा फोन आला की आज आम्ही इथंच थांबतो, उद्या सकाळी येतो. गव्हाचं पाणी राहू दे म्हणाले. पण लाईन दिवेलागणीलाच येणार होती आणि गहू ओंबीवर आला होता. राहू कसं द्यायचं? आणि खरं सांगायचं तर मला खुंटीवरची ती बॅटरी वापरून दाखवायचीच होती. मोठी बॅटरी मालकांनी नांदुऱ्याला नेली होती. रेल्वे स्टेशनवर ती कशाला, असं मी विचारलंच नाही.

अंधार पडताना मी शेतात पोचले. मोटर सुरू केली, कपाळावर पट्टा बांधला आणि पदर खोचला. काय सांगू, इतकं सोपं काम मी कधी केलं नव्हतं. दोन्ही हातांत फावडं, जिथं बघावं तिथं उजेड. दांड फोडला, वाफा भरला, पुढचा फोडला. बेडूक दिसला, खेकड्याचं बीळ दिसलं, साप असता तर त्याच्या अंगावरचे खवलेसुद्धा दिसले असते. मी मनातल्या मनात मालकांना ऐकवत होते. बघा म्हटलं, हिला म्हणतात बॅटरी.

तेवढ्यात आमच्या बांधावरच्या कडुलिंबावर लांबून झोत पडला. गेला. परत पडला. नाल्यापलीकडून कोणीतरी बॅटरी मारत होतं. मी वैतागले. दिवसा टाकी पुरत नाही म्हणून आता आमचा लिंबही धरला का यांनी? मी लक्ष दिलं नाही, वाफा भरत राहिले. झोत बराच वेळ लिंबावर फिरत राहिला. मग तो हलायला लागला, वर, खाली, कधी आभाळात. कोणीतरी ती घेऊन आमच्याकडेच येत होतं.

आता मात्र मी घाबरले. आमच्या भागात मोटरीच्या केबली चोरीला जातात, आणि मी बाईमाणूस एकटी. मी कपाळावरची बॅटरी विझवली आणि विहिरीच्या भिंतीआड दबून बसले. मी विझवली आणि तिकडचा झोत एकदम पळायला लागला. नाल्यातले दगड वाजले, कोणीतरी पडल्याचा आवाज आला, परत उठून पळाल्याचा आला. मग हाक ऐकू आली. मालकांच्या नावानं. आवाज मी ओळखला. ते भाऊजी होते.

मी उभी राहिले, बॅटरी लावली. समोर भाऊजी, पार गुडघ्यापर्यंत चिखल, एक चप्पल पायात नाही. ते माझ्याकडे बघेचनात. सरळ विहिरीपाशी गेले, काठाला हात टेकून आत वाकले आणि झोत खाली पाण्यात मारला. पाणी तेवढं दिसलं. मग वळून म्हणाले, "वैनी, तो कुठी हाय?"

नांदुऱ्याला गेले आहेत, बहिणीला आणायला, असं मी सांगितलं. ते खाली बसले. फावड्याशेजारी, ओल्या मातीतच. मी कळशीतलं पाणी दिलं तर अर्धं अंगावर सांडलं. त्यांच्या पायातून रक्त येत होतं, टाचेत बाभळीचा काटा होता. मी खाली बसले, त्यांचा पाय उजेडात घेतला आणि दोन्ही हातांनी काटा काढला. हातात धरायची बॅटरी असती तर ते जमलं नसतं, हे मी त्यांना तेव्हाही ऐकवलं. म्हटलं, एवढी लांब जाणारी बॅटरी हातात आणि स्वतःच्या पायाखालचा काटा दिसत नाही होय तुम्हाला? पळत कशाला आलात?

भाऊजी म्हणाले, "रोज मी लिंबावर मारतो, तो मह्या झोपडीवर मारते. आज जवाब नाई आला. विहिरीपाशी एक उजेड दिसे, तोही इझला."

मला काही कळेना. मी विचारलं, जबाब कशाचा? ते जमिनीकडे बघत बोलायला लागले. अळीच्या साली मालक संध्याकाळी या विहिरीच्या काठावर येऊन बसायचे, पाय आत सोडून. काम काही नाही, मोटर बंद, पऱ्हाटी गेलेली. भाऊजींना पलीकडून दिसायचं. नुकताच त्यांचा स्वतःचा भाऊ गेला होता. जवळ जाऊन काय बोलावं ते त्यांना सुचेना. म्हणून एका संध्याकाळी त्यांनी नुसता बॅटरीचा झोत लिंबावर मारला. मालकांनी वर पाहिलं, उठले आणि आपल्या बॅटरीनं परत झोत मारला. "तवापासून मारून राह्यलो," भाऊजी म्हणाले. "जवाब आला का मी घरी जातो."

अळीच्या साली मालक रोज शेतात जात होते, हे मला माहीत होतं. विहिरीच्या काठावर बसत होते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी इकडे गवत कापून घेत होते, काती दाखवत होते, सापाला घाबरत होते. तेव्हाच्या त्या बाईची, म्हणजे माझीच, कीव येते मला, खरंच. आणि मग राग आला, एवढा राग की बोलताना माझा आवाज फाटला. मी भाऊजींना म्हटलं, फोन कशाला असतो माणसाजवळ? भेटून बोलता येत नाही? मला येऊन सांगता येत नव्हतं?

"इथी रेंज कुठी हाय वैनी," ते म्हणाले. मग टाच पुसत म्हणाले, "अन् फोन केला का बोला लागते. काय बोलू त्याले?"

लाईन गेली, तेव्हा बरेच वाफे व्हायचे राहिले होते. भाऊजींना मी माझी बॅटरी कपाळावर बांधायला लावली आणि नाल्यापर्यंत पोचवलं. जाताना ते म्हणाले की ही बरी आहे, चालायला बरी आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मालक आले. नणंद पाय धुवायला मागे गेली तेवढ्यात मी त्यांना गाठलं आणि सांगितलं की भाऊजी काल चिखलातून पळत आले, पायात काटा भरला, तुमचा जबाब आला नाही म्हणून. मालक चमकले. हातातला चहा त्यांनी खाली ठेवला.

"तो आलता?" ते म्हणाले. "पळत?"

मग एकदम हळू आवाजात बोलायला लागले. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस माझ्याशी सलग एवढं कधी बोलला नव्हता. त्याचा भाऊ गेला ना, म्हणाले, तेव्हापासून तो एकटा आहे त्या वावरात. त्याच झोपडीत बसतो, जिथं भाऊ सापडला. मला राहवत नाही. तो बॅटरी मारतो तेव्हा मी मुद्दाम लगेच परत मारतो, म्हणजे त्याला वाटावं कोणी आहे. स्टेशनवरही चुकून नेली, हातात सवय झाली आहे. "त्याच्यासाठीच तं लांबची लागते. तुही जवळची त्याच्यापर्यंत पोचत नाई. पन त्याले सांगू नको, मी नजर ठेवून राह्यलो म्हनून. त्याले वाईट वाटीन."

मी भिंतीला टेकून उभी होते. दोघांच्याही डोक्यात फावडं घालावं, असं मनापासून वाटलं. वर्षानुवर्षं दुकानासमोर उभं राहून टाकीवर झोत मारतील, रोह्यांच्या गोष्टी सांगतील, गुडघे फोडून घेतील, पण तोंडानं एक शब्द काढणार नाहीत.

"तुम्ही विहिरीच्या काठावर पाय सोडून का बसायचे?" मी विचारलं.

त्यांचा चेहरा उतरला. मागे मोरीत नणंदेचं पाणी ओतणं चालू होतं, तिकडे त्यांनी एकदा पाहिलं.

"कोनं सांगतलं तुले?"

"ज्याच्यावर तुम्ही नजर ठेवता, त्यानं."

मालकांनी चहाचा कप परत उचलला. चहावर साय धरली होती. त्यांनी ती बोटानं बाजूला केली आणि बोट तसंच धरून बसले.

"मंग आता त्याले काय म्हनू मी?" ते म्हणाले.

"काही म्हणू नका," मी म्हटलं. "आज लवकर जा आणि आधी तुम्ही मारा."